राख, रिकामी खाण आणि वैनगंगेचे पाणी : कोळशाच्या राखेतून धातू झिरपण्याच्या प्रश्नाचा आढावा

प्रश्नाची व्याप्ती

भंडारा जिल्ह्यातील पवनी हे वैनगंगेच्या काठचे प्राचीन नगर धानासाठी, मासेमारीसाठी आणि जुन्या मंदिरांसाठी ओळखले जाते, कोळशासाठी नव्हे. चंद्रपूर जिल्ह्याच्या राजुरा तालुक्यात याच नावाच्या कोळसा खाणी आहेत, पण त्यांचा या पवनीशी संबंध नाही. असे असूनही, औष्णिक वीज केंद्रांची राख रिकाम्या खाणीत भरली असता तिच्यातून कोणते धातू किती प्रमाणात आणि किती काळ झिरपत राहतात, हा प्रश्न पवनीला परका राहत नाही, आणि त्याचे कारण या परिसराच्या भूगोलात आहे. पेंच आणि कोलार या नद्यांचे पाणी घेऊन कामठीवरून वाहत येणारी कन्हान नदी आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते, उमरेडच्या बाजूने येणारी आम नदीही तेथेच येऊन मिळते, आणि हे सारे पाणी पुढे पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथे बांधलेल्या इंदिरासागर धरणात अडते. १९८८ साली पायाभरणी झालेल्या या धरणाची एकूण साठवण क्षमता सुमारे १,१४६ दशलक्ष घनमीटर असून भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या ३ जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर शेतीचे सिंचन त्यावर अवलंबून ठेवण्यात आले आहे.

या जलाशयाच्या वरच्या अंगाला, म्हणजे ज्या क्षेत्रातले पावसाचे पाणी त्यात उतरते त्या पाणलोटात, विदर्भातील औष्णिक वीजनिर्मितीचा मोठा भाग एकवटलेला आहे. महानिर्मितीचे ६६० मेगावॅटचे ३ संच चालवणारे कोराडी केंद्र आणि १,३४० मेगावॅटचे खापरखेडा केंद्र कोलार-कन्हानच्या परिसरात आहेत; राष्ट्रीय औष्णिक ऊर्जा महामंडळाचे मौदा येथील केंद्र २,३२० मेगावॅटचे, तर वैनगंगेचेच पाणी वापरणारे तिरोड्याचे खाजगी केंद्र ३,३०० मेगावॅटचे आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्स या कंपनीच्या, म्हणजे वृत्तपत्री भाषेत वेकोलिच्या, कामठी आणि उमरेड पट्ट्यांतील खाणीही याच पाणलोटात येतात. राख निर्माण होण्याची ठिकाणे, ती भरता येतील असे खड्डे आणि त्या दोहोंचे पाणी शेवटी जेथे साठते तो जलाशय अशा तिन्ही गोष्टी एकाच नदीव्यवस्थेत असल्यामुळे खाणीत राख भरण्याच्या धोरणाचा विचार या खोऱ्यापुरता एकत्रित करणे आवश्यक ठरते.

राखेत धातू कोठून येतात

भारतातील बहुतेक दगडी कोळसा गोंडवन काळातील खडकांत सापडतो, आणि त्यात गंधक कमी असले तरी मातीचे व खनिजांचे प्रमाण इतके जास्त असते की जाळलेल्या कोळशाच्या वजनाच्या साधारण ३० ते ४५ टक्के इतकी राख उरते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार २०२१-२२ या एका वर्षात देशातील औष्णिक केंद्रांतून सुमारे २७ कोटी टन राख निघाली. यातील सुमारे चार-पंचमांश भाग धुराबरोबर वर जाणारी आणि विद्युत-अवक्षेपक यंत्रात पकडली जाणारी बारीक राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश, असतो, तर उरलेला भाग भट्टीच्या तळाशी पडणारी जाडसर राख, म्हणजे बॉटम अ‍ॅश, असतो.

राखेचा मुख्य देह सिलिका, ॲल्युमिना आणि लोहाच्या ऑक्साइडांचा असून त्याचा बराचसा भाग भट्टीतील उष्णतेने वितळून काचेसारखे गोल कण बनलेला असतो. आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन, शिसे, कॅडमियम, पारा यांसारखी द्रव्ये कोळशात दहा लाखांत काही भाग किंवा त्याहूनही कमी प्रमाणात असतात, परंतु कोळशाचा ज्वलनशील भाग जळून गेला की उरलेल्या राखेत त्यांचे प्रमाण वाढते. त्यांपैकी काही द्रव्यांची भट्टीत वाफ होते आणि धूर थंड होताना ती बारीक कणांच्या पृष्ठभागावर पुन्हा घट्ट होऊन बसते. पाण्याच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे, कारण काचेच्या गाभ्यात अडकलेला धातू सुटायला अनेक दशके लागू शकतात, तर पृष्ठभागावर बसलेला थर पहिल्याच पाण्याबरोबर धुतला जाऊ शकतो. म्हणूनच राखेत एखादा धातू एकूण किती आहे हे कळल्याने त्याच्या धोक्याचा अंदाज येत नाही. तो कणाच्या कोणत्या भागात, कोणत्या रूपात बसला आहे, हे कळणे अधिक उपयोगाचे असते.

राखेतील द्रव्ये पाण्यात विरघळून त्या पाण्याबरोबर बाहेर पडण्याच्या क्रियेला निक्षालन म्हणतात. ही क्रिया साधारणपणे दोन टप्प्यांत दिसते. पहिल्या पाण्याबरोबर सल्फेट, बोरॉन, मॉलिब्डेनम यांसारखी सहज विरघळणारी द्रव्ये एकदम बाहेर येतात आणि त्यानंतर काचेचा गाभा झिजत जाईल तसतशी उरलेली द्रव्ये मंद गतीने, पण दीर्घकाळ सुटत राहतात. पाण्यात मिसळून राख तलावात अनेक वर्षे साठवलेली जुनी राख आणि यंत्रातून थेट काढलेली कोरडी राख यांचे वर्तन म्हणूनच सारखे नसते; पहिलीतून सहज सुटणारा भाग तलावाच्या पाण्यात बऱ्याच अंशी निघून गेलेला असतो, तर दुसरीत तो पूर्णपणे शिल्लक असतो.

पाण्याचा सामू आणि प्राणवायू

कोणता धातू किती सुटेल हे ठरवणारा सर्वांत प्रभावी घटक म्हणजे पाण्याचा सामू, म्हणजे पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी हे दाखवणारे मोजमाप. शिसे, कॅडमियम, जस्त, तांबे, निकेल, मँगनीज हे धातू पाण्यात धन विद्युतभार असलेल्या रूपात राहतात आणि पाणी आम्लधर्मी झाले की भराभर सुटतात. पाणी उदासीन किंवा अल्कधर्मी असेल तर त्यांतले बरेचसे हायड्रॉक्साइड किंवा कार्बोनेट बनून खाली बसतात. याउलट आर्सेनिक, सेलेनियम, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम, अँटिमनी आणि षट्संयुजी क्रोमियम ही द्रव्ये प्राणवायूशी जोडलेल्या ऋणभारित रूपात असतात आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या लोहाच्या ऑक्साइडांची पकड अल्कधर्मी पाण्यात सैल होते. बोरॉनला सामूचा फारसा अडथळा होत नसल्याने तो राखेच्या पाण्याबरोबर सर्वांत आधी आणि सर्वांत दूर जातो, आणि म्हणूनच एखाद्या विहिरीपर्यंत राखेचे पाणी पोचले आहे का, हे ओळखण्यासाठी बोरॉन व सल्फेट यांचा खूण म्हणून वापर केला जातो.

यावरून एक गोष्ट निश्चित होते, ती अशी की पाणी आम्लधर्मी ठेवले तरी काही द्रव्ये सुटतात आणि अल्कधर्मी ठेवले तरी दुसरी काही सुटतात. सर्वच द्रव्ये एकाच वेळी जागच्या जागी राहतील असा एकच सामू उपलब्ध नाही. त्यात पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचा घटक मिसळतो. प्राणवायू भरपूर असताना आर्सेनिक लोहाच्या ऑक्साइडाला चिकटून राहते. पण सेंद्रिय द्रव्य कुजून प्राणवायू संपला की ते ऑक्साइडच विरघळते आणि त्याने धरलेले आर्सेनिक व मँगनीज पाण्यात मोकळे होतात. सेलेनियमचे वर्तन नेमके उलटे असून प्राणवायूयुक्त पाण्यात त्याचे सहज वाहणारे सेलेनेट रूप तयार होते, तर प्राणवायू नसलेल्या गाळात ते बसून राहते.

खाणीचा खड्डा वेगळा का ठरतो

राख तलाव जमिनीवर बांध घालून तयार केलेला असतो, त्यामुळे त्याचा तळ सहसा भूजलाच्या वर असतो आणि त्याचा पाझर बांधाच्या पायथ्याशी निदान दिसू तरी शकतो. खुल्या कोळसा खाणीची स्थिती याहून मूलतः निराळी आहे. कोळशाचा थर बहुधा भूजल पातळीच्या बराच खाली असल्याने खाण चालू असताना तेथील पाणी पंपांनी सतत उपसले जाते. उत्पादन संपून उपसा थांबला की आजूबाजूच्या खडकांतले पाणी पुन्हा खड्ड्याकडे येऊ लागते आणि काही वर्षांत भूजल आपली जुनी पातळी गाठते. अशा खड्ड्यात भरलेली राख कालांतराने भूजलातच बुडते, म्हणजे तिच्यावर पडणारा पाऊस अडवला तरी बाजूने आणि खालून येणारे पाणी तिच्यातून वाहत राहते. राखेवर मातीचा थर टाकून झाडे लावल्याने धूळ थांबते आणि वरून मुरणारे पाणी कमी होते. भूजलाच्या प्रवाहावर मात्र त्याचा परिणाम होत नाही.

कामठीचा पट्टा या दृष्टीने विशेष विचार करण्याजोगा आहे. येथील कोळसा बराकर खडकसमूहात असून त्याच्या वर ज्या वालुकाश्मांचे थर आहेत, त्यांना भूशास्त्रात कामठी खडकसमूह असे याच गावावरून नाव मिळाले आहे, आणि हे वालुकाश्म पाणी साठवणारे व वाहून नेणारे चांगले जलधर मानले जातात. खाण खोदताना हे थर फोडले जातात आणि काढलेली माती व दगड, म्हणजे ओव्हरबर्डन, पुन्हा खड्ड्यात टाकले तरी मूळ खडकाचा घट्टपणा परत येत नाही. नुसती राख दाबून भरली तर तिच्यातून पाणी फार हळू जाते, परंतु ती फुटक्या दगडांबरोबर मिसळली किंवा तिच्या कडेने सैल भराव राहिला तर पाण्याला वाट मिळते. नागपूर-भंडारा परिसरात वर्षाला सर्वसाधारणपणे १,१०० ते १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत येतो, त्यामुळे भूजलाची पातळी दरवर्षी काही मीटर वर चढते आणि उन्हाळ्यात तितकीच खाली उतरते. राखेचा जो थर या चढउताराच्या पट्ट्यात सापडतो तो दरवर्षी एकदा भिजतो आणि एकदा हवेत उघडा पडतो. प्राणवायूची स्थिती अशी आलटून पालटून बदलत राहणे हे धातू सुटण्याला अनुकूल असते.

खाणीत राखेखेरीज स्वतःचे रसायनही असते. कोळशाच्या थरांत आणि त्यालगतच्या शेलमध्ये पायराइट, म्हणजे लोह व गंधक यांचे खनिज, असते आणि त्याला हवा व पाणी मिळाले की गंधकाम्ल तयार होऊन खाणीतले पाणी आम्लधर्मी बनते. मध्य प्रदेशातील सिंगरौली परिसरात गोरबी येथील जुन्या खाणीचे पाणी याच कारणाने तीव्र आम्लधर्मी झाल्याचे उदाहरण आहे. अल्कधर्मी राख टाकून अशा आम्लाचे शमन करावे हा खाणीत राख भरण्यामागचा एक शास्त्रीय युक्तिवाद आहे आणि तो तत्त्वतः योग्यही आहे, परंतु त्याचे यश राखेतील चुन्याच्या प्रमाणावर अवलंबून असते. भारतीय राख बहुतांशी कमी चुन्याची असल्यामुळे तिची आम्ल शमवण्याची शक्ती मर्यादित राहते, आणि ती शक्ती संपल्यानंतरही पायराइटमधून आम्ल तयार होत राहिले तर सुरुवातीला बांधले गेलेले शिसे, निकेल, जस्त यांसारखे धातू पुढे सुटण्याची शक्यता निर्माण होते.

प्रयोगशाळेतील चाचण्यांच्या मर्यादा

राख निरुपद्रवी असल्याचा निष्कर्ष अनेकदा ज्या चाचणीच्या आधारे काढला जातो ती अमेरिकेत धोकादायक कचरा ठरवण्यासाठी तयार झालेली असून टीसीएलपी या नावाने ओळखली जाते. तीत एक भाग राख आणि २० भाग सौम्य ॲसेटिक आम्ल हे मिश्रण सुमारे १८ तास घुसळून त्यात उतरलेल्या धातूंचे प्रमाण मोजतात. शहरी कचऱ्याच्या भरावात टाकलेल्या पदार्थाचे काय होईल हे पाहण्यासाठी ही पद्धत बेतलेली होती, आणि कोळशाच्या खाणीत कुजणारा शहरी कचराही नसतो आणि ॲसेटिक आम्लही नसते. आम्ल वापरल्यामुळे अल्कधर्मी पाण्यात सुटणाऱ्या आर्सेनिक-सेलेनियमबाबत ही चाचणी दिशाभूल करू शकते, आणि तिची मर्यादाही पिण्याच्या पाण्याच्या मानकापेक्षा फार वरची आहे. या चाचणीत आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे ५ मिलिग्रॅम आहे, तर भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. म्हणजे धोकादायक नाही असा शेरा मिळालेल्या राखेचा अर्कसुद्धा पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या शेकडो पट आर्सेनिक बाळगू शकतो.

या त्रुटी लक्षात घेऊन अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००९ मध्ये वीज केंद्रांतील ७३ प्रकारच्या अवशेषांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात प्रत्येक नमुना आम्लापासून अल्कापर्यंतच्या अनेक सामूंवर तपासण्यात आला. एकाच धातूचे सुटणे नमुन्यानमुन्यात कित्येक पटींनी वेगळे असल्याचे आणि राखेतील एकूण प्रमाणावरून सुटणाऱ्या प्रमाणाचा भरवशाचा अंदाज करता येत नसल्याचे त्यातून पुढे आले. याच विचारातून विकसित झालेल्या चाचणीसंचात सामूनुसार, पाणी व राख यांच्या गुणोत्तरानुसार आणि नळकांड्यात भरलेल्या राखेतून पाणी हळू सोडून अशा वेगवेगळ्या परिस्थितींत निक्षालन मोजले जाते. तरीही प्रयोगशाळेत वापरलेले शुद्ध पाणी आणि प्रत्यक्ष खाणीतले सल्फेट व लोहाने भरलेले पाणी यांत अंतर राहते, म्हणून ज्या खड्ड्यात राख टाकायची त्याच खड्ड्यातले पाणी घेऊन त्याच केंद्राच्या राखेची दीर्घ मुदतीची तपासणी करणे हाच समाधानकारक मार्ग ठरतो.

इतर देशांचा अनुभव

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याने जुन्या अँथ्रासाइट खाणी बुजवण्यासाठी मोठ्या प्रमाणावर राख वापरली आणि ओसाड पडलेले धोकादायक खड्डे सपाट झाले, काही ठिकाणी खाणीच्या पाण्याचे आम्लही कमी झाले. मात्र तेथील बरीचशी राख ज्या भट्ट्यांतून येते त्यांत गंधक पकडण्यासाठी कोळशाबरोबर चुनखडी टाकलेली असते, त्यामुळे ती राख तीव्र अल्कधर्मी असते; कोराडी किंवा तिरोड्याच्या राखेला त्या अनुभवाचा थेट आधार देता येत नाही. त्याच राज्यातील १५ ठिकाणांच्या नोंदी तपासणाऱ्या, क्लीन एअर टास्क फोर्स या संस्थेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाने त्यांपैकी १० ठिकाणी पाण्याची प्रत खालावल्याचा निष्कर्ष काढला. मेरीलँड राज्यात गॅम्ब्रिल्स येथे वाळू व खडीच्या जुन्या खाणीत १९९५ पासून राख भरण्यात आली, तिचे पाणी घरगुती विहिरींपर्यंत पोचले आणि २००७ मध्ये संबंधितांना १० लाख डॉलरचा दंड भरावा लागला. कोळशाची खाण आणि वाळूची खाण यांत फरक असला तरी भूजलाला मोकळी वाट असलेल्या खड्ड्यात अस्तराविना राख भरल्याचा परिणाम त्यातून दिसतो.

या विषयावरील सर्वांत सांगोपांग अभ्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २००६ मध्ये सादर केला. राखेचा सिमेंट-विटांसारखा उत्पादक उपयोग आधी पाहावा, तो शक्य नसेल तेव्हा खाणीत राख भरणे स्वीकारार्ह असू शकते, पण त्यासाठी राखेची आणि त्या विशिष्ट जागेच्या भूजलाची आधी बारकाईने तपासणी व्हावी आणि नंतर दीर्घकाळ देखरेख राहावी, असा तिचा मध्यममार्गी निष्कर्ष होता. अस्तित्वातील निरीक्षण विहिरींची संख्या, जागा आणि कालावधी पुरेसे नाहीत, हेही समितीने स्पष्ट नोंदवले. त्यानंतर २०१५ मध्ये अमेरिकेने राख तलावांसाठी केंद्रीय नियम केले, पण खाणीत टाकलेली राख त्या नियमांच्या कक्षेबाहेर ठेवली. पोलंडमध्ये भूमिगत कोळसा खाणींत राख व पाणी यांचा लगदा भरण्याची पद्धत अनेक दशके रूढ आहे. म्हणजे खाणीत राख भरणे सर्वत्र हानिकारकच ठरते असे जगाचा अनुभव सांगत नाही, पण ते आपोआप सुरक्षित ठरते असेही सांगत नाही.

भारतातील धोरण

भारतात राखेच्या वापराबाबतची पहिली अधिसूचना १९९९ साली निघाली. २००९ च्या सुधारणेने वीज केंद्रांपासून ठराविक अंतरातील खाणींच्या भरावात किमान २५ टक्के राख वापरण्याची अट घातली. ऑगस्ट २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने सोडून दिलेल्या खाणींत आणि सखल जागी राख भरण्याबाबत स्वतंत्र आदेश काढला, आणि त्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वे आली. ३१ डिसेंबर २०२१ च्या सर्वंकष अधिसूचनेने १ एप्रिल २०२२ पासून सर्व राखेचा वापर बंधनकारक केला, खाणीचे खड्डे भरणे हा मान्य वापर ठरवला, साठलेल्या जुन्या राखेसाठी १० वर्षांची मुदत दिली आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये पर्यावरणीय भरपाई आकारण्याची तरतूद केली.

राख तलाव फुटण्याचे आणि धुळीचे संकट पाहता ही निकड समजण्यासारखी आहे. तरीही या रचनेत एक मूलभूत अंतर्विरोध आहे. सिमेंटमध्ये किंवा विटेत मिसळलेली राख आणि भूजलाच्या खाली खड्ड्यात भरलेली राख ही दोन्ही कागदावर समान वापर ठरतात, यश टनांत मोजले जाते आणि न वापरलेल्या प्रत्येक टनावर दंड असतो. त्यामुळे वीज केंद्राच्या दृष्टीने सर्वांत मोठा आणि स्वस्त खड्डा आकर्षक ठरणे स्वाभाविक आहे. सिमेंटमध्ये राखेचे धातू घट्ट बांधले जातात आणि पाण्यापासून बऱ्याच अंशी दूर राहतात, तर खड्ड्यात ते पाण्याच्या स्वाधीन होतात, हा फरक टनांच्या हिशेबात दिसत नाही. खाणीतील कामाचे संदर्भही बदलत आहेत; भूमिगत खाणीतील पोकळी भरण्यासाठी, ज्याला खाणीत स्टोइंग म्हणतात, पूर्वी नदीची वाळू वापरली जाई, आणि वाळूच्या टंचाईमुळे तिच्या जागी राख वापरण्याचा विचार बळावला आहे. वैनगंगा-कन्हानच्या वाळूवरील ताण कमी होणे ही त्यातील खरी जमेची बाजू आहे.

कोराडीपासून गोसीखुर्दपर्यंत

नागपूर परिसरातील राखेचा प्रश्न गेल्या काही वर्षांत दोन प्रकारे तीव्र झाला. २०२१ मध्ये पुण्याचे मंथन अध्ययन केंद्र, नागपूरचे सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट आणि असर या संस्थांनी कोराडी व खापरखेडा परिसरातील गावांच्या पाण्याचा व राखेचा अभ्यास प्रसिद्ध करून पृष्ठजल व भूजल दूषित झाल्याचे आणि काही नमुन्यांत जड धातू पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपलीकडे असल्याचे मांडले. पुढे १६ जुलै २०२२ रोजी मुसळधार पावसात कोराडी केंद्राचा खसाळा येथील राख बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी परिसरातील गावांत, शेतांत व ओढ्यांमार्गे नदीत शिरले. त्याच वर्षाच्या प्रारंभी नांदगाव येथील राख तलावाला गावकऱ्यांनी केलेल्या विरोधानंतर तेथे राख टाकणे थांबवावे लागले होते. तलाव फुटतात आणि नव्या तलावांना जागा मिळत नाही, अशा कोंडीतून रिकाम्या खाणींचा पर्याय पुढे येतो, आणि वेकोलिच्या कन्हानलगतच्या गोंडेगावसारख्या खाणीचे नाव या संदर्भात घेतले जाणे त्या कोंडीचाच परिणाम आहे.

या पर्यायाचे मूल्यमापन करताना खड्ड्याच्या तोंडाशी थांबून चालत नाही. कन्हानच्या काठावरील खाणीतले भूजल सामान्यतः नदीच्या दिशेने सरकते. नागपूर शहराच्या पाणीपुरवठ्याचा एक भाग कन्हानवर अवलंबून आहे आणि नदीचे उरलेले पाणी गोसीखुर्दमध्ये साठते. वाहत्या नदीत धातूंचे प्रमाण पुरात मिसळून विरळ होते, हा युक्तिवाद काही अंशी बरोबर असला तरी जलाशयात तो पुरेसा पडत नाही, कारण तेथे प्रवाह मंदावतो, गाळ बसतो आणि गाळाला चिकटलेले धातू वर्षानुवर्षे साठत जातात. त्यातच नाग नदीमार्गे नागपूरचे सांडपाणी याच जलाशयात येते. सेंद्रिय द्रव्याने तळाशी प्राणवायू कमी झाला की गाळातील आर्सेनिक व मँगनीज मोकळे होऊ शकतात, हे वर सांगितलेले रसायन येथे लक्षात घ्यावे लागते. शहराचे सांडपाणी आणि खाणीतली राख हे दोन स्वतंत्र विषय म्हणून दोन कार्यालयांत हाताळले जातात, जलाशयात मात्र ते एकमेकांवर परिणाम करू शकतात.

मासेमारीच्या दृष्टीने सेलेनियमकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण ते पाण्यात अल्प असतानाही शेवाळ, किडे आणि मासे या साखळीत वाढत जाते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील बेल्यूज या जलाशयात १९७० च्या दशकात राख तलावाचे पाणी सोडले जात होते, आणि तेथील माशांच्या सुमारे २० जातींपैकी बहुतेक जाती सेलेनियममुळे प्रजनन बिघडून नाहीशा झाल्या. त्या केंद्रात जळणारा कोळसा आणि भारतीय कोळसा यांत फरक असल्याने तोच परिणाम येथे होईल असे म्हणता येत नाही. पण पाण्याचा नमुना निर्दोष ठरला तरी माशाच्या शरीरातील प्रमाण वेगळे तपासावे लागते, हा धडा धीवर समाजाची उपजीविका ज्या जलाशयावर आहे तेथे लागू पडतो. धानाच्या शेतीलाही हीच कसोटी लावावी लागेल, कारण पाणी साचलेल्या बांधीत प्राणवायू कमी असतो आणि अशा मातीतून भाताचे पीक आर्सेनिक तुलनेने सहज शोषून घेते.

उपलब्ध ज्ञानातून निघणारी दिशा

आतापर्यंतच्या संशोधनाचा मेळ घातला तर राख विषारी आहे की निर्दोष, हा प्रश्नच अपुरा असल्याचे दिसते. धातूंचे सुटणे राख, पाणी, खडक आणि काळ या चौघांच्या संयोगाने ठरते, त्यामुळे एका खाणीत स्वीकारार्ह ठरलेली राख शेजारच्या दुसऱ्या खाणीत घातक ठरू शकते. यातून परवानगीच्या पद्धतीविषयी काही निश्चित अटी निघतात. राख भरण्यापूर्वी किमान एक पूर्ण जलवर्ष, म्हणजे पावसाळा व उन्हाळा दोन्ही धरून, खाणीभोवतीच्या विहिरींचे व निरीक्षण विहिरींचे पाणी तपासले गेले पाहिजे, अन्यथा नंतर आढळलेला बदल राखेमुळे झाला की आधीपासून होता, हे ठरवता येत नाही. उपसा थांबल्यावर भूजल कोठवर चढेल याचा अंदाज घेऊन राख शक्यतो त्या पातळीच्या वर ठेवली पाहिजे, आणि ते शक्य नसलेल्या खड्ड्यांना या वापरातून वगळले पाहिजे. निरीक्षणाच्या यादीत बोरॉन व सल्फेट ही आगाऊ इशारा देणारी द्रव्ये आणि आर्सेनिक, सेलेनियम, मॉलिब्डेनम ही अल्कधर्मी पाण्यात सुटणारी द्रव्ये असलीच पाहिजेत. केवळ शिसे व कॅडमियम मोजणाऱ्या तपासणीतून नेमका धोकाच निसटतो.

देखरेखीचा कालावधीही खाणीच्या आयुष्यावर बेतता येत नाही, कारण भूजल मूळ पातळीला येण्यास आणि मंद टप्प्यातील निक्षालन दिसण्यास लागणारा काळ खाण बंद करण्याच्या आराखड्यातील मुदतीपेक्षा मोठा असू शकतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा यांच्याकडे निरीक्षणाची रचना आहेच. तिच्यातील नोंदी राखेच्या प्रत्येक खड्ड्याशी जोडून आंभोऱ्यापर्यंत आणि पुढे गोसीखुर्दच्या गाळापर्यंत एकाच साखळीत ठेवणे, त्या ग्रामपंचायतींना आणि मच्छीमार संस्थांना पाहता येतील अशा खुल्या करणे, आणि त्यांचा खर्च ज्या केंद्राची राख त्याच्याकडून घेणे, एवढे तर विद्यमान चौकटीतही शक्य आहे. टनामागे आकारल्या जाणाऱ्या भरपाईची रचनाही अशी बदलता येईल की सिमेंट-विटांत बांधलेल्या टनाला पूर्ण श्रेय मिळेल आणि खड्ड्यात भरलेल्या टनाचे श्रेय पुढील अनेक वर्षांच्या पाण्याच्या नोंदी समाधानकारक आल्यावरच पक्के होईल. तसे झाले तर खाणीत राख भरायची की नाही, याचा निर्णय खड्ड्याच्या आकारमानाऐवजी त्या खड्ड्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर आधारलेला असेल, आणि त्या पाण्याचा शेवटचा साठा जेथे आहे त्या पवनी तालुक्यालाही त्या निर्णयात नोंदींच्या आधारे बोलता येईल.